बालाघाटाला बंदर नाही

बीड जिल्ह्याला समुद्र नाही, हे सांगायला नकाशा लागत नाही. उत्तरेच्या अंगाला गोदावरी, दक्षिणेला मांजरा आणि मधून आडवा पडलेला बालाघाट. पावसाचे ढग सह्याद्रीवर रिते होऊन इथवर पोचतात तेव्हा त्यांच्यात फारसं काही उरलेलं नसतं. परळीला निजामी काळापासून रेल्वे आहे, पण बीड शहरातून रेल्वेगाडी सुटू लागली ती २०२५ च्या सप्टेंबरात. तरीही माणसं बाहेर पाठवण्याच्या बाबतीत हा जिल्हा जगातल्या मोठ्या बंदरांच्या पंगतीला बसेल. दसरा सरला की आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज, गेवराई या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवर ऊसतोडीला नेणारे ट्रक-ट्रॅक्टर लागतात, आणि दिवाळी उलटेपर्यंत कितीतरी गावांत म्हातारीकोतारी माणसं, काही शाळकरी पोरं आणि दाराला कुलपं एवढंच मागे उरतं. १९७२ च्या दुष्काळानंतर तर हा वर्षाचा रिवाजच झाला. दर हंगामाला किती माणसं जातात? कुणी तीन लाख सांगतं, कुणी पाच, कुणी सहा. इतकी तफावत आपण तुरीच्या उताऱ्यातही खपवून घेत नाही. माझं म्हणणं या तफावतीबद्दलच आहे. माणूस घर सोडून कुठून जातो यावर त्याची नोंद होते की नाही हे ठरतं, आणि नोंद झाली की नाही यावर पुढे त्याला काय मागता येईल हे ठरतं. ही गोष्ट उलगडायला आयर्लंडमधल्या एका बंदराकडे जावं लागेल, कारण तिथे माणसं मोजली गेली, आणि तीही कुणाच्या भलेपणामुळे नव्हे.

कॉर्क परगण्यातल्या या गावाचं नाव कोव्ह. १८४९ मध्ये व्हिक्टोरिया राणी तिथे उतरली म्हणून त्याचं क्वीन्सटाउन झालं, आणि स्वातंत्र्याच्या लढ्यात ते पुन्हा कोव्ह झालं. १८४५ साली बटाट्यावर करपा पडला, पुढची चार-पाच वर्षं पीक हातचं गेलं आणि आयर्लंडची लोकसंख्या १८४१ च्या सुमारे ८१ लाख ७५ हजारांवरून दहा वर्षांत ६५ लाखांवर आली. दहाएक लाख माणसं मेली, आणखी तितकीच किंवा त्याहून जास्त निघून गेली. दुष्काळातही धान्य देशाबाहेर जात होतं, ही आयरिश माणसाची जुनी सल आहे. आपल्याकडे दुष्काळी म्हणवणाऱ्या जिल्ह्यातही ऊस उभा असतो आणि कारखाना चालतो, त्यामुळे ती सल आपल्याला फोड करून सांगावी लागत नाही. एक खुलासा इथेच केलेला बरा. ऐन दुष्काळात बहुतेक लोक लिव्हरपूलमार्गे गेले. कोव्हचं महत्त्व वाढलं ते नंतर, अटलांटिक ओलांडणाऱ्या आगबोटी तिथे थांबू लागल्यावर. १८४८ ते १९५० या शंभर वर्षांत साठेक लाख माणसांनी आयर्लंड सोडलं, त्यांतली पंचवीस लाखांहून जास्त या एका धक्क्यावरून गेली. ११ एप्रिल १९१२ रोजी टायटॅनिकने शेवटचा थांबा घेतला तो इथेच, आणि त्या दिवशी १२३ उतारू चढले. शंभरावर वर्षं झाली तरी आकडा १२३ च आहे. शंभर-सव्वाशे असा तो कुणी सांगत नाही.

या काटेकोरपणाचं मूळ भावनेत नाही. अमेरिकेने १८१९ मध्ये एक कायदा केला: जहाजाच्या दर पाच टनांमागे दोनपेक्षा जास्त उतारू नकोत, आणि बंदराला लागल्यावर प्रत्येक उतारूचं नाव, वय, लिंग, धंदा आणि देश लिहिलेली यादी कप्तानाने जकात अधिकाऱ्याकडे द्यायची. मर्यादेपेक्षा जास्त भरलेल्या दर माथ्यामागे दीडशे डॉलर दंड. म्हणजे यादी ही आठवणीची वही नव्हती, ती कप्तानाच्या गळ्यातली जबाबदारी होती. नाव लिहिलं की माणूस कुणाच्या तरी ताब्यात आला, आणि वाटेत तो मेला तर विचारायला जागा झाली. जिथे हे नियम ढिले होते तिथे काय घडलं तेही आपल्यापुढे आहे. १८४७ मध्ये ब्रिटिशांच्या ताब्यातल्या कॅनडाकडे लाखभर माणसं जुनाट, लाकडाची वाहतूक करणाऱ्या जहाजांतून गेली, आणि क्वेबेकजवळच्या ग्रॉस-ईल या बेटावर त्या एका वर्षात पाच हजारांहून जास्त मृतांना पुरावं लागलं. स्टीफन डी व्हेर नावाचा एक खानदानी आयरिश माणूस जहाजाच्या तळातल्या उतारूंबरोबर मुद्दाम प्रवासाला निघाला आणि तिथे पाहिलं ते त्याने पत्रात लिहिलं. ते पत्र ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेलं आणि उतारूंचे कायदे कडक झाले. म्हणून कोव्हच्या धक्क्यावर ॲनी मूरचा पुतळा उभा राहू शकतो. कॉर्कची ही पोरगी दोन धाकट्या भावांना घेऊन १८९१ च्या डिसेंबरात ‘नेव्हाडा’ जहाजात बसली आणि १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरचं नवं ठाणं उघडलं तेव्हा तिथे नोंदलं गेलेलं पहिलं नाव तिचं ठरलं. तिने जगात नाव काढावं असं काही केलं नव्हतं. ती रांगेत पहिली होती, आणि रांगेच्या तोंडाशी एक कारकून बसलेला होता.

हे गोऱ्यांपुरतं खरं, असं कुणी म्हणेल. मग आपल्याच माणसांचं उदाहरण घेऊ, आणि तेही उसाचंच. १८३४ पासून हिंदुस्थानातून मॉरिशसला करारावर मजूर जाऊ लागले. १९१० पर्यंत साडेचार लाखांहून जास्त माणसं तिथे उतरली. कलकत्ता आणि मद्रासच्या तुलनेत मुंबई बंदरातून गेलेले थोडे, पण त्यांत रत्नागिरीकडची, कोकणपट्टीची मराठी माणसं होती, आणि त्यांच्या वंशजांची मराठी शाळा-मंडळं आजही तिथे आहेत. हे लोक ऊस तोडायला गेले. करार पाच वर्षांचा, पगार महिन्याला पाच रुपयांच्या आसपास, आणि एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांचा पगार कापायचा अशी मळेवाल्यांची रीत. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ते उतरले तो आप्रवासी घाट २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्यांची दप्तरं ठेवलेली आहेत: क्रमांक, नाव, बापाचं नाव, जात, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, जहाज, मळा. १८६० नंतरच्या पुष्कळ जणांचे फोटोही आहेत. आज मॉरिशसचा एखादा मराठी माणूस त्या दप्तरातून खापरपणज्याचा चेहरा शोधून काढू शकतो. धारूरच्या एखाद्या वाडीतल्या तरुणाला त्याची आजी १९८० च्या हंगामात कुठल्या कारखान्यावर होती हे कागदावरून सांगता येणार नाही. दोघांचे पूर्वज ऊसच तोडत होते. मधे समुद्र होता की घाटरस्ता, एवढाच फरक.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे, आणि तो बिनमोलाचा नाही. ही दप्तरं मजुरांसाठी कुणी केली होती? मॉरिशसमधले फोटो पळून जाणाऱ्याला पकडण्यासाठी होते. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुराला फोटो लावलेलं ओळखपत्र जवळ बाळगायची सक्ती केली, ते नसलं की भटक्या म्हणून अटक. अंगावरची खूण लिहायची ती गुरांच्या बाजारात लिहितात त्याच हेतूने. अशा नोंदीचं कौतुक कशाला? हे सगळं मान्य करूनही माझा मुद्दा तसाच राहतो, कारण कागद लिहिणाऱ्याशी एकनिष्ठ राहत नाही. १८७१ मध्ये अडॉल्फ द प्लेव्हिट्झ नावाच्या एका युरोपीय मळेवाल्याने याच छळाविरुद्ध अर्ज तयार केला आणि त्याखाली ९,४०१ जुन्या मजुरांनी नावं घातली. त्यावरून रॉयल कमिशन नेमलं गेलं, आणि कमिशनने चौकशी केली ती मळ्यांच्या आणि सरकारच्या त्याच दप्तरांवरून. पगार किती कापला, किती जणांना भटके म्हणून धरलं, हे जुलूम करणाऱ्यांनीच लिहून ठेवलं होतं. नोंदीने न्याय मिळतो असा माझा दावा नाही. नोंद नसेल तर अन्यायही सिद्ध करता येत नाही, एवढाच आहे. मारणाऱ्याच्या वहीत नाव असणं हे नाव कुठेच नसण्यापेक्षा बरं, हे ऐकायला कडू लागतं, पण गुलामगिरीपासून गिरमिटाच्या करारमजुरीपर्यंतचा इतिहास ज्यांनी लिहिला त्यांनी तो मालकांच्याच वह्यांतून लिहिलेला आहे.

आता बालाघाटावरून निघणाऱ्या माणसाकडे जवळून बघू. त्याचा व्यवहार सुरू होतो तो श्रावण-भाद्रपदात, उचलीने, म्हणजे आगाऊ पैशाने. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असला तर अर्धा. कोयत्यामागे मुकादम उचल देतो, हल्ली ती लाखाच्या घरात असते, आणि हंगामभर तोडलेल्या उसातून ती फेडायची. फिटली नाही तर बाकी अंगावर राहते आणि पुढच्या दसऱ्याला तोच मुकादम. मुकादमाचा करार वाहनमालकाशी, वाहनमालकाचा कारखान्याशी, आणि कोयत्याचा करार असलाच तर मुकादमाच्या वहीतल्या दोन ओळी आणि एक अंगठा. टोळी फडात पोचते, राहायच्या कोप्या पडतात. पहाटेच्या थंडीत तोड सुरू होते: बाप्या बुडखा तोडतो, बाई वाढं छाटते, मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. रात्री-अपरात्री ट्रॉली भरायला आली तर पुन्हा उठायचं. एक दिवस कामावर नाही आलं की खाडा, आणि खाड्याचा दंड पाचशे रुपयांपासून पुढे. मॉरिशसच्या मळेवाल्यांची दोन दिवसांची कपात इथे वेगळ्या नावाने नांदते. गाडी कारखान्याच्या काट्यावर चढते. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ ऊस, सगळं क्विंटलाच्या अंशापर्यंत छापून पावती बाहेर पडते. पावतीवर शेतकऱ्याचं नाव असतं, गाडीचा नंबर असतो, तारीख, वेळ असते. ज्या बाईच्या डोक्यावरून तो ऊस गाडीत चढला तिचं नाव त्यात नसतं. म्हणजे आपल्याला मोजता येत नाही हे खोटं आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर उद्योगाएवढी काटेकोर मोजणी फार थोड्या उद्योगांत होत असेल. फक्त ती उसाची होते. तोडणीच्या दरवाढीचे करारही टनावरच होतात. २०२४ च्या जानेवारीत मोठ्या वाटाघाटींनंतर ३४ टक्के वाढ मिळाली, ती टनामागे. किती हातांना मिळाली, हे त्या करारात शोधून सापडणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त जिव्हाळ्याचा आहे. आयरिश माणूस गेला तो गेला. निघायच्या आदल्या रात्री घरात मयताला जागवतात तशी रात्र जागवली जायची, कारण आईबाप त्याला पुन्हा बघणार नव्हते. बीडचा माणूस कारखान्याचा पट्टा पडून हंगाम संपला की परत येतो, पाडव्याच्या सुमारास घराला पुन्हा चूल लागते. जो परत येतो त्याला स्थलांतरित म्हणून कशाला मोजायचं, त्याचं दुःख त्या दुःखाच्या शेजारी कशाला मांडायचं? याचं उत्तर आयर्लंडनेच देऊन ठेवलं आहे. तिथे परत येणारेही होते. मेयो, डोनेगल, रॉसकॉमन या गरीब परगण्यांतले हजारो लोक दर उन्हाळ्यात इंग्लंड-स्कॉटलंडला सुगीला जायचे आणि मिळालेल्या मजुरीतून घरच्या तुकडाभर जमिनीचा खंड भरायचे. दुष्काळाच्या आधी, १८४१ च्या जनगणनेत, या लोकांची वेगळी मोजणी झाली: त्या उन्हाळ्यात बंदरांवरून सुगीसाठी ५७,६५१ माणसं गेली. हा आकडा हाती आला कारण ती माणसं बोटीवर चढत होती आणि बोटीच्या शिडीशी उभं राहून मोजता येत होतं. पुढे १८८० पासून हंगामी शेतमजुरांची आकडेवारी सरकार नेमाने छापू लागलं. मात्र परत येणाऱ्यांच्या वाट्याला वस्तुसंग्रहालयं आली नाहीत, हेही तितकंच खरं. त्यांची आठवण निघते ती अपघातांमुळे. १८९४ च्या जूनमध्ये अकिल बेटावरचे लोक ग्लासगोच्या बोटीवर चढायला निघाले असताना वेस्टपोर्टजवळ होडी उलटली आणि ३२ जण बुडाले. १९३७ मध्ये स्कॉटलंडच्या कर्किंटिलॉकला बटाटे काढायला गेलेले त्याच बेटाचे दहा तरुण झोपायच्या खोलीला आग लागून मेले. आपल्याकडेही ऊसतोड मजूर वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येतो तो ट्रॉली उलटली की.

परत येणं हे दिलासादायक आहेच, पण ते कुणासाठी स्वस्त पडतं हेही बघायला हवं. माणूस सहा महिने कामाला हवा आणि उरलेल्या सहा महिन्यांची, बाळंतपणाची, आजारपणाची, म्हातारपणाची जबाबदारी बालाघाटावरच्या गावाने घ्यावी, ही साखरेला मिळालेली सवलत आहे, आणि ती कुठल्याही ताळेबंदात दाखवत नाहीत. शिवाय परत येणाऱ्याचं राजकीय वजन दोन ठिकाणी विभागून दोन्हीकडे हलकं होतं. आयरिश माणूस बोस्टन-न्यूयॉर्कला राहिला, तिथे मतदार झाला, आणि १८८० मध्ये आयर्लंडमध्ये जन्मलेला विल्यम ग्रेस न्यूयॉर्कचा महापौर म्हणून निवडून आला. ऊसतोड मजुराचं मत बीडला असतं आणि श्रम सांगली, सातारा, कोल्हापूर, पुणे, अहिल्यानगरच्या, नाहीतर सीमेपलीकडे बेळगाव-बागलकोटच्या फडात. जिथे त्याला राबवलं जातं तिथल्या आमदाराला त्याच्या मताची गरज नाही. जिथे त्याच्या मताची गरज आहे तिथे त्याचा मालक नाही. बीडने राज्याला मोठे नेते दिले, ऊसतोड मजुरांच्या संपांना आवाज दिला, हे मी नाकारत नाही. पण त्या आवाजाला दरवाढीसाठी लवादाच्या मार्गाने दुसऱ्या जिल्ह्यांच्या दारात जावं लागतं.

कायद्यानेही बंदराचाच हिशोब पाळला, याचं मला नवल वाटतं. स्थलांतरित मजुरांसाठी आपल्या देशात १९७९ मध्ये कायदा झाला. ठेकेदाराची नोंदणी, मजुराचं पासबुक, प्रवासभत्ता, सगळं त्यात होतं. पण तो लागू व्हायचा फक्त राज्याची सीमा ओलांडली तर. आष्टीचा मजूर बागलकोटला गेला तर कायद्याच्या नजरेत स्थलांतरित, आणि कराडला गेला तर स्वतःच्याच राज्यात हिंडणारा माणूस. कोप्या सारख्याच, उचल सारखी, खाडाही सारखाच. कायद्याला एक उंबरा लागतो, जिथे थांबवून विचारता येईल असा, आणि राज्याच्या आत तसा उंबरा नाही. अटलांटिकवर तो आपोआप होता. बालाघाटावर माणसं शेकडो गावांच्या वेशींमधून रात्रीतून पांगतात, चाळणीतून पाणी जावं तशी. हे आपोआप घडलेलं दुर्लक्ष आहे असं मात्र मला वाटत नाही. जहाजावरच्या यादीने कप्तान जबाबदार ठरला, तसं कोयत्यांच्या यादीने कुणीतरी मालक ठरेल. आज कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचे, मुकादम म्हणतो मी मध्यस्थ, वाहनमालक म्हणतो मी तर स्वतःच कर्जात. यातलं शेवटचं बऱ्याचदा खरंही असतं, कारण उचल घेऊन टोळीच न आल्याने बुडालेले वाहनमालक थोडे नाहीत, आणि त्यांच्याकडेही दाखवायला धड कागद नसतो. नोंद नसल्याचा तोटा सगळ्यांनाच होतो, फक्त सारखा होत नाही.

मोजायचं म्हटलं तर जमतं, याचे दोन पुरावे अलीकडचेच आहेत. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली गेल्याच्या बातम्या आल्या. आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत जिल्ह्यातला तीन वर्षांचा आकडा सांगितला, ४,६०५ शस्त्रक्रिया. मग डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, जिल्ह्यात ८२,३०९ महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. साधारण सहांत एक. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, फडात आडोसा नाही, पाणी नाही, दुखणं अंगावर काढायचं आणि शेवटी गावी परतल्यावर खासगी दवाखान्यात पिशवीच काढून टाकायची, ही साखळी त्या पाहणीतून राज्यापुढे आली, आणि जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय ही शस्त्रक्रिया करू नये असा नियम झाला. घरोघर जाऊन नावं लिहिली म्हणून हे झालं. दुसरा पुरावा २०२० च्या एप्रिलचा. टाळेबंदीत राज्यातल्या ३८ कारखान्यांच्या आसपास सुमारे १ लाख ३१ हजार ऊसतोड मजूर अडकून पडले होते. सरकारने त्यांना गावी जायची मुभा दिली ती तपासणी करून, कारखान्याकडून याद्या घेऊन, गावनिहाय नावं देऊन. त्या काही आठवड्यांत जिल्ह्याच्या सीमेवरची नाकी बंदरासारखी झाली. ग्रॉस-ईलचं ठाणंही मुळात साथ अडवण्यासाठीच उभं राहिलं होतं. भीती वाटली की माणसं मोजली जातात, हा नियम १८४७ ला होता आणि २०२० लाही टिकून होता. भीती सरली, आणि पुढच्या दसऱ्याला ट्रक पुन्हा नेहमीसारखे भरले.

आता असं म्हणतात की हे सगळं जुनं झालं. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यांकडून उसाच्या टनामागे दहा रुपये घेण्याचं ठरलं, ग्रामसेवकामार्फत ओळखपत्रं देण्याचं ठरलं, ४१ तालुक्यांत ८२ संत भगवानबाबा वसतिगृहं मंजूर झाली. हे पाऊल लहान नाही. पण इथेही निधी टनावर गोळा होतो हे लक्षात घ्यावं. आणि ओळखपत्र गावात मिळतं, तर अन्याय फडात होतो. गावच्या कपाटातलं कार्ड शिरोळच्या फडात कुणी मागत नाही, कारण तिथे ते बघण्याची सक्ती कुणावरच नाही. कोव्हच्या आणि न्यूयॉर्कच्या याद्या कामाला आल्या त्या दोन्ही टोकांना असल्याने: निघताना नाव, उतरताना नाव, आणि दोन्हींतला फरक दिसला की कप्तानाला जाब. आपल्याकडे एकच टोक आहे, तेही अर्धवट. गंमत अशी की त्या टोकाला सगळ्यात नेमकी यादी असते ती शाळेत. जिल्हा परिषदेच्या शाळांतून हंगामी वसतिगृहं चालतात. आईबाप तोडीला गेलेली आणि आजी-आजोबांजवळ राहिलेली पोरं तिथे जेवतात, त्यांची हजेरी रोज लागते, त्या हजेरीवर अनुदान मिळतं. म्हणजे जे गेले नाहीत त्यांची नावं सरकारकडे आहेत, आणि गेलेल्यांचा अंदाज त्यावरून बांधायचा.

एक संधी समोर आहे. २०११ ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, म्हणजे ऐन गाळपात, आणि दसऱ्याला आलेले नि पाडव्याला जाणारे म्हणून वेगळा रकाना तेव्हा नव्हता. त्याच जनगणनेत बीडची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार भरली. त्यातले किती जण त्या वीस दिवसांत खरोखर बीडमध्ये होते आणि किती जणांची नावं मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांनी सांगितली, हे त्या आकड्यातून काढता येत नाही. पुढची जनगणना २०२७ च्या फेब्रुवारीत आहे. पुन्हा ऐन हंगाम, पुन्हा कोप्या भरलेल्या. आयर्लंडच्या १८४१ च्या मोजणीदारांना जे बोटीच्या शिडीशी करता आलं ते इथे फडाच्या कडेला करावं लागेल, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. कारखान्याकडे टोळ्यांच्या जागा असतात, कारण तोडीचा कार्यक्रम त्यावरच ठरतो. प्रगणकाने त्या टोळ्यांपाशी जाऊन प्रत्येक कोपीला कुठल्या गावचे, कधी निघालात, कुणाच्या उचलीवर, हे तीन प्रश्न जादा विचारायचे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहायला मुकादमाची हरकत येईल, कारखान्याचीही येईल. म्हणून तो प्रश्न आधी छापून घ्यायला हवा.